लघुपट जेमतेम झाला, मग मी शिकले काय?

प्रश्न : ताई, मी माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मिळून आठ मिनिटांचा लघुपट केला. आवाज आणि संकलन माझ्याकडे होतं. लघुपट जेमतेम झाला. शेवटचा प्रसंग बाहेर, उघड्यावर होता. त्याचा आवाज इतका खराब आला की संवाद डब करावे लागले. त्यावरून दिग्दर्शन करणाऱ्या मित्राचं आणि माझं वाजलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आता प्रत्येकाला ‘या प्रकल्पातून मी कोणती कौशल्यं शिकले’ यावर १५०० शब्द लिहून द्यायचे आहेत. मी टीमवर्क, वेळेचं नियोजन, संवादकौशल्य, संयम असं सगळं लिहिलं. वाचून बघितलं तर ते दुसऱ्या कुणीही लिहिलेलं वाटलं. खरं लिहिलं तर मार्क जातील का? आणि मुळात मी काही शिकले का, हेच मला कळत नाहीये.

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतील. आपण शिकलो का, याचं उत्तर तू तयार लघुपटात शोधते आहेस आणि तिथे ते सापडणार नाही. त्या आठ मिनिटांत चौघांचं काम, त्या दिवसाचा उजेड, कलाकारांचा मूड, हाताशी असलेला कॅमेरा, सगळं एकमेकांत मुरलेलं असतं. त्यातून तुझ्या वाट्याचं शिकणं वेगळं काढता येत नाही. भरपूर शिकूनही लघुपट फसतो, आणि फारसं काही न शिकता एखादा बरा लघुपट हाताला लागतो. दोन्ही मी बघितलंय. तुला तुझं शिकणं बघायचं असेल तर कच्चं फुटेज उघड.

उघडताना एक पथ्य पाळ. संकलनाच्या टाइमलाइनवर लावलंय त्या क्रमाने बघू नकोस, चित्रीकरण झालं त्या क्रमाने बघ. पहिल्या दिवसाच्या पहिल्या काही फाइल आणि शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या काही फाइल लागोपाठ लाव, आणि अभिनय, फ्रेम, कथा यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. टेकच्या, म्हणजे शॉट घेण्याच्या एकेका प्रयत्नाच्या, आधी आणि नंतर काय चाललंय तेवढंच ऐक. आवाज आणि चित्र नंतर जुळवता यावं म्हणून क्लॅप दिलाय का? शॉटचा आणि टेकचा क्रमांक कुणी बोलतंय का? ‘कट’ म्हटल्याबरोबर कॅमेरा बंद होतोय की दोन-चार सेकंद तसाच चालू ठेवलाय? ‘पंखा बंद करा’ असं टेकच्या आधी कोण म्हणतंय? पहिल्या दिवशी तो आवाज कुणाचाच नसेल आणि शेवटच्या दिवशी तुझा असेल, तर तुझ्या लेखाचा पहिला परिच्छेद तुला मिळाला.

मी कौशल्य म्हणते ते एवढ्यालाच. तशीच वेळ पुन्हा आली तर तू आधीपेक्षा वेगळं काय करशील, आणि का करशील हे तुला सांगता येईल. ‘संयम’ हे कौशल्य नाही, तो तुझा स्वभाव असेल किंवा नसेल. टेक चालू असताना हेडफोनमध्ये घरघर ऐकू आली तर टेक तोडायचा की पुरा होऊ द्यायचा, हे ठरवता येणं हे कौशल्य आहे.

आवाजाबद्दल तू पत्रात एका वाक्यात उरकलंस. मला वाटतं, तुझं सगळ्यात जास्त शिकणं तिथेच झालंय, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर बोलते. आवाज खराब आला म्हणजे नेमका कसा आला? वाऱ्याने माइक फडफडला? छातीशी लावलेल्या छोट्या लेपल माइकवर कपडा घासत होता? लेव्हल जास्त राहिल्यामुळे आवाज फाटला? मागे रहदारी होती? की माइक लांब राहिला आणि बोलणं दूरवरून आल्यासारखं वाटतंय? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. पंख्याची किंवा यंत्राची एकसुरी घरघर नंतर बऱ्यापैकी काढता येते, कारण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते. फाटलेला आवाज सॉफ्टवेअर थोडाफार सावरतं, पण मूळचा परत आणत नाही. वाऱ्याची फडफड शब्दावरच बसली असेल तर शब्द गेला म्हणून समज. लांबच्या माइकवर घेतलेला आवाज तर फार चिवट. मोकळ्या जागी बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की त्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. आसपासचा गोंगाट किंवा खोलीतला घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. मग तू रेकॉर्डिंगची पातळी वाढवतेस आणि दोन्ही एकदम वाढतात. माइक कॅमेऱ्यावर न ठेवता बोलणाऱ्याजवळ न्यायचा, हे वर्गात सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. ते न केल्याची किंमत तू एकेका वाक्यामागे, संकलनाला बसून मोजलीस. वर्गात ऐकलेलं आणि असं मोजलेलं यांतलं अंतर लिही, ते फक्त तुलाच लिहिता येईल.

चित्रीकरण फोनवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असं केलं असेल, तर आणखी एक गोष्ट तुझ्या वाट्याला आली असेल. सुरुवातीला क्लॅप अगदी जुळलेला, आणि लांबलचक शॉटच्या शेवटाकडे ओठ आणि शब्द यांची फारकत. बरेच फोन ठरलेल्या वेगाने फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, घेत नाहीत. सेकंदाला ३० म्हणतात, पण प्रत्यक्षात ती संख्या थोडी खालीवर होत राहते. म्हणून फुटेज आधी एकसमान फ्रेमरेटला बदलून घ्यायचं आणि मग आवाज जुळवायचा. हे तुझ्याबाबतीत झालं असेल तर कारण कसं शोधलंस ते सांग. आधी कशावर संशय घेतलास, रेकॉर्डरवर की सॉफ्टवेअरवर? तो संशय चुकीचा आहे हे कशावरून कळलं? परीक्षकाला उत्तर ठाऊक असतं. तू तिथपर्यंत कशी पोचलीस, हे त्याला ठाऊक नसतं.

आता डबिंग. ‘डब करावे लागले’ हे तू हरल्यासारखं लिहिलं आहेस. मी तुझ्या जागी असते तर तोच भाग लेखाच्या मध्यभागी ठेवला असता. उघड्यावरचा प्रसंग बंद खोलीत पुन्हा बोलवून घेणं सोपं काम नाही. वाक्याचे छोटे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा कलाकाराला पुन:पुन्हा दाखवायचा, श्वास कुठे घेतला होता ते धरून बोलायला लावायचं. दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी डोळ्याला खटकतं. सगळे ओठ जुळले की मग लक्षात येतं की हा माणूस काचेच्या पलीकडे उभा राहून बोलतोय. त्याच्या पायांचा आवाज नाही, कपड्यांची सळसळ नाही, भोवतालची हवा नाही. ती हवा तू कुठून आणलीस? लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली असेल, तर तो रूम टोन डब केलेल्या संवादाखाली पसरून काम भागतं. केली नसेल तर दोन संवादांच्या मधला दीड-दोन सेकंदांचा स्वच्छ तुकडा हुडकायचा, तो जोडत जोडत लांबवायचा आणि जोड ऐकू येऊ नयेत म्हणून एकमेकांत मिसळायचा. हे ज्याने केलंय तो पुढच्या चित्रीकरणात रूम टोन घेतल्याशिवाय लोकेशन सोडत नाही. कौशल्य दुसरं काय असतं?

संकलन तुझ्याकडे होतं, यापलीकडे त्याबद्दल तू पत्रात चकार शब्द काढला नाहीस, म्हणजे तिथे भांडण झालं नसावं. ज्या कामात भांडण होत नाही ते काम आपण शिकलोय, हे पटकन डोळ्यांत भरत नाही. तुझी पहिली जुळणी, रफ कट, जपून ठेवली असेल तर ती आणि शेवटची आवृत्ती लागोपाठ बघ. कोणता शॉट काढून टाकलास? घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता तो काढलास का? तसं असेल तर तो काढायला तुला किती जड गेलं आणि शेवटी कशामुळे धीर झाला, हे लिहिण्यासारखं आहे. दोन माणसं समोरासमोर बोलताहेत आणि पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताहेत, असं कुठे झालं होतं का? कॅमेरा १८० अंशांची रेषा, म्हणजे बोलणाऱ्या दोघांना जोडणारी कल्पित रेषा, ओलांडून गेला की हे होतं. मधे एखादा हाताचा, दाराचा किंवा रेषेवरूनच घेतलेला शॉट टाकून तू ते झाकलं असशील. झाकताना तुला जे कळलं ते पुढच्या वेळी शॉट डिव्हिजनच्या, म्हणजे कोणता शॉट कसा घ्यायचा ते आधी ठरवण्याच्या, कागदावर येईल.

आणखी एक जागा नक्की तपास. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग तुम्हाला शिकवलेला असणार. नटाचा तोच चेहरा वेगवेगळ्या शॉटना जोडला आणि बघणाऱ्यांना त्यावर वेगवेगळ्या भावना दिसल्या, असं सांगतात तो. परीक्षेत त्याच्यावर टीप लिहिणं वेगळं. ‘ॲक्शन’ म्हणायच्या आधी कलाकार नुसताच वाट बघत उभा होता, तो रिकामा चेहरा उचलून तू दुसऱ्याच्या संवादानंतर लावलास आणि तो विचारात पडलेला दिसला, असं तुझ्या हातून झालंय का? संकलन करणाऱ्या बहुतेकांच्या हातून एकदा तरी होतं. झालं असेल तर ते किती फ्रेमचं होतं, कुठून काढलं, आधी तिथे काय होतं, हे सगळं लिही. म्हणूनच टेकच्या आधी आणि नंतर कॅमेरा थोडा चालू ठेवायचा असतो, आणि तो का ठेवायचा हे आता तुला कुणी सांगावं लागणार नाही.

आता भांडणाकडे येते. ‘टीमवर्क’ या शब्दाखाली तू ते झाकून टाकलंस, ते मला समजतं. मित्राची तक्रार लेखी जाऊ नये असं तुला वाटतं, आणि ते चांगलंच आहे. पण तक्रार न करता खरं लिहिता येतं. एकच नियम ठेव. त्याने काय केलं हे शक्य तितकं कमी लिहायचं. त्या क्षणी तुला काय ठाऊक होतं, तू काय बोललीस आणि काय बोलायचं राहिलं, हे नेमकं लिहायचं. मी दोन परिच्छेद लिहून दाखवते. त्यातले तपशील माझ्या कल्पनेतले आहेत, तू तुझे घाल.

तू लिहिलं असशील ते साधारण असं : ‘चित्रीकरणाच्या काळात मला टीमवर्क आणि संवादाचं महत्त्व समजलं. अनेक अडचणी आल्या, पण आम्ही एकत्र येऊन त्यांवर मात केली.’

आता हे वाच : ‘शेवटच्या प्रसंगाच्या दुसऱ्या टेकला मला हेडफोनमध्ये वाऱ्याची फडफड ऐकू आली. उजेड जात होता आणि सगळे घाईत होते, म्हणून मी टेक संपेपर्यंत गप्प राहिले. नंतर “आवाजात जरा गडबड आहे” एवढंच म्हणाले. एवढ्यावरून पुन्हा टेक घ्यायचा की नाही, हे दिग्दर्शकाला ठरवता येणं शक्य नव्हतं. आज मी सांगेन : “दुसरं आणि तिसरं वाक्य वापरता येणार नाही. चित्र बरोबर असेल तर पुन्हा घेऊ नका, पण जागा सोडायच्या आधी दोघांनी आडोशाला येऊन ती वाक्यं फक्त माइकसाठी बोला.”’

दुसऱ्या परिच्छेदात संवादकौशल्य हा शब्द नाही, पण ते कौशल्य आहे. अडचण काय, तिचा परिणाम कशावर, उपाय काय, हे तिन्ही दोन वाक्यांत आले, तेही सेटवरच्या घाईत बोलता येतील असे. आणि त्यातला उपाय खरा आहे. चित्राशिवाय, त्याच जागी, त्याच कलाकारांकडून लगेच घेतलेल्या अशा संवादाला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. बोलण्याची लय अजून कलाकाराच्या तोंडात असते आणि भोवतालही तोच असतो, त्यामुळे नंतरच्या डबिंगपेक्षा तो पुष्कळदा सहज बसतो. ही सोय तुला तेव्हा ठाऊक नसेल तर तसंच लिही आणि कधी कळली तेही लिही.

हा परिच्छेद लिहायच्या आधी मात्र त्या मित्राला फोन कर. समेट करायलाच हवा असं माझं म्हणणं नाही, तो तुमच्या दोघांचा प्रश्न आहे. पण त्या संध्याकाळची अर्धी हकिगत त्याच्याकडे आहे. त्याला विचार, ‘मी आवाजाबद्दल बोलले तेव्हा तुला काय ऐकू आलं?’ कदाचित त्याच्या डोक्यात तेव्हा मावळता उजेड आणि कलाकाराला परत सोडायची वेळ, एवढंच असेल. कदाचित तू बोललेलं त्याने ऐकलंच नसेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तुझा परिच्छेद जास्त खरा होईल. त्याचा उल्लेख नावाने न करता ‘दिग्दर्शक’ असा कर, आणि तो परिच्छेद देण्याआधी त्याला वाचायला दे. तुझ्यासारखंच त्यालाही काहीतरी लिहायचंय, त्यालाही तो उपयोगी पडेल.

‘वेळेचं नियोजन’ मी तरी सरळ काढून टाकीन. ते काम तुझ्याकडे नव्हतं. लाइट आणि कॅमेरा हेही तू बघितलंस, केलं नाहीस. बघितलेलं शिकलेल्यात घालू नकोस. फार तर एक वाक्य लिही, की या गोष्टी मी जवळून पाहिल्या, पण स्वत: करून बघितलेल्या नाहीत. असं वाक्य लिहिणाऱ्या मुलीच्या बाकीच्या दाव्यांवर वाचणारा जास्त विश्वास ठेवतो.

मार्कांचं म्हणशील तर तुझ्या परीक्षकाची हमी मी देऊ शकत नाही. गुणांकनाचे निकष तुम्हाला दिले असतील, तर लिहायला बसण्याआधी ते समोर ठेव. पण हा लेख आणि लघुपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखात लघुपट किती चांगला झाला हे विचारलेलं नाही, तू कसा विचार केलास हे विचारलंय. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या शिकण्याबद्दल लिहिताना दोन प्रकारचे विचार वेगळे केले होते. एक, काम चालू असताना हात न थांबवता केलेला, आणि दुसरा, काम झाल्यावर मागे वळून केलेला. तुझ्याकडे दोन्हींची उदाहरणं आहेत. वाऱ्याची फडफड ऐकून माइक दुसऱ्या बाजूने धरून बघितला असशील, तो पहिला. डबिंगच्या वेळी ‘आपण तिथेच का नाही बोललो’ असं मनात आलं असेल, तो दुसरा. दोन्ही लेखात येऊ देत, आणि पहिल्याचा पुरावा फुटेजमध्ये असेल तर फाइलचा क्रमांकही दे.

लिहिताना १५०० शब्दांत सगळं कोंबू नकोस. तीन प्रसंग पुरे आहेत. आवाज-डबिंगला निम्मी जागा दे, संकलनातल्या एका निर्णयाला त्याहून कमी, आणि भांडणाचा परिच्छेद त्या दोन्हींपेक्षा छोटा ठेव. रूम टोन, वाइल्ड ट्रॅक असे शब्द पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या वाक्यात अर्थ सांग. सुरुवातीला लघुपटाची कथा सांगत बसू नकोस, बहुतेकांची पहिली दोन पानं त्यातच जातात. पहिलं वाक्य थेट त्या टेकवर जाऊ दे.

सोबत फाइल जोडायची मुभा आहे का, हेही विचारून घे. असेल तर शेवटच्या प्रसंगातलं एकच वाक्य निवड आणि तीनदा लागोपाठ लाव : आधी लोकेशनवरचा मूळ आवाज, मग नुसतं डबिंग, मग खाली भोवताल आणि पावलांचे आवाज घातलेली शेवटची आवृत्ती. अर्ध्या मिनिटात मावेल. त्याला नाव दे, तारीख घाल, आणि मूळ फाइलची दुसरी प्रत आजच वेगळ्या डिस्कवर काढून ठेव. प्रकल्प जमा झाला की गटातला कुणीतरी जागा करायला म्हणून पहिल्यांदा कच्चं फुटेजच उडवतो.